कुंपणापर्यंत नेऊन सोडलेला रस्ता

मोजणी नकाशा टेबलावर पसरला तेव्हा त्यावर हद्दीची जाड रेघ होती आणि मधोमध एक आकडा, १८.२ हेक्टर. बाकी कागद कोरा. विकासकांचा पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, प्लॉट किती बसतील?"

हा प्रश्न मला नवीन नव्हता. बारा वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्या ले-आउटच्या, म्हणजे कोऱ्या जमिनीवर रस्ते आणि प्लॉट आखण्याच्या वेळी, मी त्याचं उत्तर पहिल्याच बैठकीत देऊन टाकलं होतं आणि मग ते खरं करण्यासाठी रस्ते आखले होते. आधी प्लॉट एकापुढे एक मांडले, मग त्यांना पोहोच मिळेल एवढेच रस्ते काढले. ब्लॉक लांबच लांब, आणि जिथं जमेल तिथं बंद गल्ली. बंद गल्लीत परकी गाडी येत नाही, मुलं खेळू शकतात, म्हणून असे प्लॉट आधी विकले जातात. तसंच झालं. माझं कौतुकही झालं.

काही वर्षांनी त्या वसाहतीत एका ओळखीच्या घरी गेले होते. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथं सहा फुटी भिंत होती. भिंतीच्या पायथ्याशी रंगाचे दोन रिकामे डबे पालथे घातलेले, वर भिंतीचा गिलावा हातभर रुंदीत झिजून गुळगुळीत झालेला. मी बघत असतानाच दप्तर आधी पलीकडे टाकून एक मुलगी डब्यावर चढली आणि पलीकडे उतरली. पलीकडे दुसऱ्या बंद गल्लीचं टोक होतं आणि तिथून शाळा दीडशे मीटरवर. मी रस्त्यानं चालत तिच्या शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि अंतर मोजलं. ११०० मीटर भरलं. ती भिंत नकाशात मीच काढली होती. कागदावर ती दोन प्लॉटच्या मधली एक बारीक रेघ होती.

म्हणून या वेळी मी विकासकांना म्हटलं, "आकडा दीड महिन्यानं देते. आधी मला जागेवर फिरू द्या." त्यांना ते रुचलं नाही, पण त्यांनी वेळ दिला.

सर्व्हे करणाऱ्यांनी दर १० मीटरवर लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, घेतली होती आणि दर अर्ध्या मीटर उंचीला एक अशा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या कंटूर रेषा काढून दिल्या होत्या. वायव्येचा कोपरा सगळ्यात उंच, आग्नेयेचा सगळ्यात खोल, दोघांत १४ मीटरचा फरक. वरचा भाग चांगलाच चढाचा, ८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०० मीटर चाललं की ८ मीटर वर. खालचा भाग जवळजवळ सपाट. मधून तिरपी जाणारी एक ओघळ होती, पण नकाशात ती कंटूर रेषांच्या किंचित वाकण्यापुरतीच दिसत होती. चटकन नजरेत भरणार नाही अशी.

एका रात्री जोरदार पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर गेले. ओघळीत पाणी उरलं नव्हतं, पण ते कुठून गेलं याची खूण स्पष्ट होती. तीन-चार मीटर रुंदीत गवत एकाच दिशेला आडवं पडलं होतं, आणि दोन्ही कडांना काड्या, सुकी पानं, माती यांची एक बारीक रेघ साचली होती. मी त्या रेघेच्या कडेकडेनं चालत गेले आणि दर वीस पावलांवर एक खुंटी ठोकली. ४२० मीटरची वाट झाली. माझ्यासाठी ले-आउटची पहिली रेघ ती होती.

ओघळ पाइपात घालून वरून प्लॉट काढायचे, हा सोपा मार्ग. विकासकांनी तेच सुचवलं. पण पाइप एका ठरावीक पावसासाठी मोजलेला असतो, आणि त्याहून मोठा पाऊस आला की पाणी आपल्या जुन्या वाटेनंच जातं. तेव्हा त्या वाटेवर कुणाचं तरी घर असतं. मी ओघळीच्या दोन्ही बाजू धरून २४ मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा असं मांडलं. ४२० गुणिले २४, म्हणजे साधारण एक हेक्टर. विकासकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग मी दुसरा हिशोब पुढे केला. आपल्याला १० टक्के मोकळी जागा सोडायचीच आहे, म्हणजे १.८२ हेक्टर. ती कोपऱ्याकापऱ्यांतल्या, प्लॉट न बसणाऱ्या त्रिकोणांत सोडायची, की त्यातला अर्ध्याहून जास्त भाग या पट्ट्यात घालून वरपासून खालपर्यंत सलग चालता येईल अशी बाग करायची? हे त्यांना पटलं. मोकळ्या जागेची टक्केवारी सगळेच पाळतात, पण ती कुठं ठेवली आहे यावरून आखणाऱ्याचं मन कळतं, असं मला वाटतं.

दुसरं काम हद्दीबाहेरचं. हद्दीच्या रेघेला बाहेरून येऊन काय काय टेकतं ते मी एका वेगळ्या कागदावर काढलं. उत्तरेला मोठा रस्ता. पश्चिमेला जुनी वस्ती, तिचे तीन रस्ते आमच्या तारेच्या कुंपणापर्यंत येऊन थांबलेले. पूर्वेला आणि दक्षिणेला मोकळी जमीन. कुंपणात दोन ठिकाणी तारा वाकवलेल्या होत्या आणि तिथून मळलेल्या पायवाटा तिरप्या आमच्या जमिनीतून मोठ्या रस्त्यावरच्या बस थांब्याकडे जात होत्या. या पायवाटा मोजणी नकाशात कधीच येत नाहीत. सर्व्हे करणाऱ्या मुलाला मी त्याही मोजायला लावल्या. त्याला आधी ते विचित्र वाटलं. मग त्यानं आपणहून एक तिसरी वाट शोधून दिली.

इथं थोडं मागे जायला हवं, कारण माझ्या पहिल्या ले-आउटमधली चूक माझ्या एकटीची नव्हती. १९२९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत उभी राहू लागली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी ती आखली. गाड्या वाढत होत्या, म्हणून त्यांनी गाड्यांसाठी छोट्या बंद गल्ल्या केल्या आणि घरांच्या दुसऱ्या बाजूनं चालण्यासाठी स्वतंत्र पायवाटा केल्या. त्या पायवाटा बागेतून जात होत्या, आणि मोठा रस्ता ओलांडायला भुयारी वाटही होती. बंद गल्ली फक्त गाडीसाठी बंद होती, माणसासाठी नव्हती. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेच्या, घरकर्जांची हमी घेणाऱ्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशननं नव्या वसाहतींसाठी मार्गदर्शक आराखडे काढले, त्यांत एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या चौकटीच्या रस्त्यांपेक्षा वळणदार रस्ते आणि बंद गल्ल्या पसंत केल्या. त्यानंतर जगभर बंद गल्ल्या उचलल्या गेल्या आणि पायवाटा बहुतेक ठिकाणी मागेच राहिल्या. मीही तेच केलं होतं.

त्याच वर्षी, १९२९ मध्ये, क्लॅरेन्स पेरी यांनी शेजारवस्तीची कल्पना मांडली. मधोमध शाळा, घरापासून पाव मैल म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत, मोठी वाहतूक कडेच्या रस्त्यांवर, दुकानं कोपऱ्यांवर. त्यांनी धरलेलं क्षेत्र १६० एकर होतं, साधारण ६५ हेक्टर. आमची जमीन त्याच्या चौथ्या हिश्श्याहून थोडीच मोठी. म्हणजे १८ हेक्टरचा ले-आउट ही पुरी वस्ती होऊच शकत नाही. तो मोठ्या वस्तीचा एक तुकडा असतो, आणि तुकड्याच्या कडा शेजारच्या तुकड्याशी जुळल्या नाहीत तर आतली आखणी कितीही चांगली असली तरी लोक भिंती चढणारच.

आता ब्लॉक. चारी बाजूंनी रस्ता असलेला प्लॉटांचा गट म्हणजे ब्लॉक. त्याची लांबी किती ठेवायची यावर आम्ही सगळ्यात जास्त दिवस घालवले आणि मला वाटतं ते योग्यच झालं. घर पडतं, नवं बांधलं जातं, प्लॉट जोडले-तोडले जातात. ब्लॉकची कड मात्र शतकानुशतकं हलत नाही.

मी काही शहरांचे ब्लॉक एकाच स्केलला काढून भिंतीवर लावले. अमेरिकेतल्या पोर्टलंडचा ब्लॉक २०० फूट बाय २०० फूट, म्हणजे ६१ मीटर. सॉल्ट लेक सिटीचा ६६० फूट, म्हणजे २०१ मीटर. बार्सिलोनात इल्देफोन्स सेर्दा यांनी १८५९ च्या विस्तारात ११३ मीटरचा ब्लॉक धरला आणि २० मीटरचा रस्ता. ही कागदं लावल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, ती मी तोपर्यंत कधी हिशोब करून बघितली नव्हती. पोर्टलंडचे रस्ते साधारण ६० फुटी धरले तर जमिनीचा ४१ टक्के भाग रस्त्यांत जातो. ब्लॉक इतका छोटा असल्यावर तसं होणारच. पण सॉल्ट लेक सिटीचा ब्लॉक क्षेत्रफळानं जवळपास अकरा पट मोठा असूनही तिथं ३० टक्क्यांहून जास्त जमीन रस्त्यांत गेली आहे, कारण तिथले रस्ते १३२ फुटी, म्हणजे ४० मीटर रुंद आहेत. ब्लॉक लांब केला की रस्त्यांची जमीन वाचते असं आम्ही सगळे धरून चालतो. रुंदीकडे कुणी बघत नाही.

मग आमच्याच जमिनीचा हिशोब मांडला. प्लॉट ३० मीटर खोल, पाठीला पाठ लावून ब्लॉकची रुंदी ६० मीटर. रस्ते सगळीकडे १२ मीटर धरले आणि ब्लॉक २४० मीटर लांब ठेवला, तर २०.६ टक्के जमीन रस्त्यांत जाते. ब्लॉक अर्धा करून १२० मीटरचा केला, तर २४.२ टक्के. म्हणजे ब्लॉक निम्मा करायची किंमत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आता ब्लॉक १२० मीटरचाच ठेवून आतले रस्ते १२ ऐवजी ९ मीटरचे केले, तर आकडा १९.१ टक्के येतो. लांब ब्लॉक आणि रुंद रस्त्यापेक्षाही कमी.

चालणाऱ्याच्या बाजूनं तोच हिशोब असा दिसतो. ब्लॉकच्या मधल्या घरातून पाठीमागच्या रस्त्यावरच्या समोरासमोरच्या घरी जायचं आहे. सरळ अंतर ७२ मीटर. २४० च्या ब्लॉकला वळसा घालून ३२४ मीटर चालावं लागतं, १२० च्या ब्लॉकला २०४. आणि २४० च्या ब्लॉकमधून मधोमध ४ मीटरची नुसती पायवाट काढली तर जेमतेम १.३ टक्के जमीन जाते. मी हे तीन आकडे एका कागदावर लिहून विकासकांपुढे ठेवले. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "नऊ मीटरमध्ये दोन गाड्या जातील ना?"

जातात. साडेपाच मीटरचा डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना पावणेदोन मीटरचे फुटपाथ, मिळून नऊ. गाडी प्रत्येकाच्या प्लॉटमध्ये उभी राहणार हे धरूनच हा रस्ता चालतो, ते मी लेखी मांडलं. समोरून गाडी आली की दोघांना वेग कमी करावा लागतो, आणि घरांपुढच्या रस्त्यावर तो कमी व्हायलाच हवा.

खरी अडचण अग्निशमनाची होती. अमेरिकेतल्या नमुना फायर कोडमध्ये बंबासाठी २० फूट, म्हणजे ६.१ मीटर मोकळी रुंदी मागितली आहे. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात ३.७ मीटर धरतात. दोन्हीकडे आग तशीच लागते, म्हणून यात अंदाजानं बोलण्यापेक्षा बघून घ्यावं असं मी अग्निशमन अधिकाऱ्यांना सुचवलं. ते मनमोकळे होते. म्हणाले, "चुना घेऊन या, बंब आम्ही आणतो."

मोकळ्या मैदानात आम्ही आमचे दोन कोपरे फक्कीनं पूर्ण मापात आखले. एका कोपऱ्याची गोलाई ९ मीटर त्रिज्येची, दुसऱ्याची ४ मीटरची. बंब ९ मीटरच्या कोपऱ्यावरून सहज वळला. ४ च्या कोपऱ्यावर पुढचं चाक व्यवस्थित गेलं, पण मागचं चाक आतून आलं आणि चुन्याची रेघ पुसत गेलं. मागचं चाक कधीच पुढच्याच्या मार्गानं जात नाही, आत सरकतं. हे मला शिकताना आकृतीत दाखवलं होतं, पण पायापासून हातभर अंतरावर ते बघितल्यावर जे कळलं ते वेगळं होतं. दुसऱ्या वेळी ड्रायव्हरनं वळताना समोरच्या लेनचाही वापर केला आणि रेघ शाबूत राहिली. रोजच्या गाडीसाठी तसं वळणं चूक, पण वर्षातून एखाद्या वेळी येणाऱ्या बंबासाठी चालण्यासारखं. तरीही अधिकाऱ्यांनी दोन कोपऱ्यांवर कर्ब, म्हणजे फुटपाथची उंच कड, बुटका आणि उतरता ठेवायला सांगितला, चाक चढलं तरी हरकत नाही असा. आम्ही मान्य केलं. कोपरे ४ मीटरचेच राहिले.

कोपऱ्याच्या गोलाईबद्दल मी इतकं का लिहिते आहे? मोठ्या गोलाईच्या कोपऱ्यावर गाडी वेग न उतरवता वळते, आणि ओलांडणाऱ्याला रस्त्याच्या तोंडाशी जास्त रुंदी पार करावी लागते. त्याच मैदानात मी दोन्ही कोपऱ्यांवर फुटपाथच्या सरळ रेषेत चालून पावलं मोजली. छोट्या गोलाईच्या कोपऱ्यावर एवढी पावलं कमी भरली की मोजणाऱ्या मुलानं मला पुन्हा चालायला लावलं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं रस्त्यात जेवढा वेळ कमी राहतील तेवढं बरं. याहून मोठं कारण मला सुचत नाही.

वरच्या चढाच्या भागात चौकट फिरवावी लागली. रस्ता सरळ चढाच्या दिशेनं घातला तर ८ टक्के, म्हणजे सायकलवाल्याचा दम काढणारा आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्याला नकोसा. सॅन फ्रान्सिस्कोत चौकट तशीच टेकड्यांवरून नेली, तिथल्या फिल्बर्ट स्ट्रीटचा एक टप्पा ३१.५ टक्के चढाचा आहे. उलट रस्ता कंटूरला समांतर घातला तर चढ नाही, पण पावसाचं पाणी वाहत नाही, आणि उताराच्या बाजूची घरं रस्त्याच्या खाली पडतात. त्या घरांचं सांडपाणी रस्त्यातल्या लाइनला मिळवायचं तर लाइन फार खोल न्यावी लागते. म्हणून रस्ता कंटूरशी तिरपा घातला, साधारण ४० अंशांत. तेवढ्यानं ८ टक्क्यांचा चढ रस्त्यावर ५ टक्क्यांचा होतो. ब्लॉक थोडे समांतरभुज झाले, कोपऱ्यांचे काही प्लॉट वेडेवाकडे झाले. तिथले चार प्लॉट मी एकत्र करून पाण्याच्या टाकीला दिले.

खालच्या सपाट भागाची गोष्ट उलटी. आमच्या ड्रेनेज इंजिनियरनी माझा पहिला आराखडा लाल पेन्सिलीनं भरून परत पाठवला. प्रत्येक मॅनहोलपाशी खोली लिहिलेली. १५० मिलिमीटरचा पाइप त्यांनी १०० मीटरला १ मीटर उतारानं धरला होता, म्हणजे मैला तळाशी साचत नाही. माझा लांब रस्ता ज्या दिशेला होता तिथं जमिनीचा उतार १०० मीटरला जेमतेम २० सेंटिमीटर. म्हणजे दर १०० मीटरला पाइप ८० सेंटिमीटर जास्त खोल जातो. सुरुवातीला १ मीटर खोल असलेली लाइन ३०० मीटरवर ३.४ मीटर खोल. खोदकाम महाग, पुढे सफाई अवघड आणि धोक्याची. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "लांब बाजू नव्वद अंशांत फिरवली तर?" फिरवली. त्या दिशेला जमीन ०.७ टक्के उतरत होती. तीच लाइन १.९ मीटरवर आली. माझे दोन आठवडे वाया गेले असं तेव्हा वाटलं, पण ते खरं नव्हतं. ब्लॉक फिरवल्यामुळे बहुतेक रस्ते पूर्व-पश्चिम झाले आणि बहुतेक घरांची तोंडं उत्तर-दक्षिण. मावळतीचं आडवं ऊन अडवायला सगळ्यात अवघड असतं, ते आता बहुतेक घरांच्या तोंडावर न पडता शेजारच्या घराकडच्या बाजूवर पडणार होतं.

पश्चिमेच्या वस्तीतल्या रहिवाशांची बैठक झाली, ती सोपी नव्हती. त्यांचे तीन रस्ते आमच्यात येऊन मिळणार हे ऐकून एक आजोबा उभे राहिले. "चाळीस वर्षं आमच्या दारात शांतता आहे. तुमच्या तीनशे घरांच्या गाड्या आता आमच्या दारातून काढणार?" त्यांची भीती खरी होती. मी ती खोडून काढली नाही. कागदावर दाखवलं की त्यांचा एकही रस्ता आमच्यातून सरळ आरपार मोठ्या रस्त्याला जात नाही. आत आल्यावर तो एका टी-जंक्शनला थांबतो, डावीकडे-उजवीकडे वळावं लागतं, मग पुन्हा टी. घाईतला माणूस या वाटेनं येणार नाही. शिवाय चार तोंडांच्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना मिळतात, फुटतात किंवा छेदतात. तीन तोंडांच्या जंक्शनवर ती ठिकाणं फक्त ९. तिन्ही रस्त्यांपैकी मधला आम्ही फक्त पायी आणि सायकलसाठी ठेवला. आजोबांनी विचारलं, "आणि आमच्याकडून बस थांब्यावर जायला?" मी मळलेल्या पायवाटा दाखवल्या. त्यातली एक थेट त्यांच्या गल्लीच्या टोकाशी सुरू होत होती. ते खाली बसले. शेवटपर्यंत पूर्ण राजी झाले नाहीत, पण विरोधही लिहून दिला नाही.

टी-जंक्शनची एक बारीक अडचण रात्री जागेवर थांबल्यावर कळली. रस्ता जिथं संपतो तिथल्या समोरच्या घरात येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दिवे घुसतात. मग मी बहुतेक टी-जंक्शनच्या समोर प्लॉट ठेवलाच नाही. तिथूनच ब्लॉकमधली ४ मीटरची पायवाट सुरू केली. गाडीचा रस्ता तिथं थांबतो आणि चालणारा सरळ पुढे जातो. या एका बदलानं आराखडा मला पहिल्यांदा आवडला. रस्त्यांची जाळी गाडीसाठी थोडी तुटक, चालणाऱ्यासाठी सलग.

आकडे शेवटी असे आले. मोकळी जागा १.८२ हेक्टर, रस्ते आणि पायवाटा ४.२, शाळा, दुकानं आणि टाकी मिळून ०.९५, आणि प्लॉटांना ११.२ हेक्टरच्या आसपास. ३१२ प्लॉट. विकासकांच्या मनात ३३० होते.

मंजुरीचा भाग कागदपत्रांचा आणि वाट बघण्याचा होता, त्यात सांगण्यासारखं फार नाही. एका तपासणीत पायवाटांची रुंदी वाढवा म्हणाले, दुसऱ्या तपासणीत पायवाटा कशाला म्हणून विचारलं. दोन्ही वेळा मी रंगाच्या डब्यांची गोष्ट सांगितली.

खरा वाद पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या कडेला झाला. तिकडच्या मोकळ्या जमिनीकडे मी तीन रस्ते कुंपणापर्यंत नेऊन सोडले होते. आज ते कुठंच जात नव्हते. विकासकांच्या दृष्टीनं ते तीन प्लॉट फुकट जात होते. "पलीकडे कुणी काही बांधत नाही, मॅडम. बांधेल तेव्हा बघू." मी म्हटलं, बांधतील तेव्हा आपल्या बाजूला घर उभं असेल, मग काहीच बघता येणार नाही. दोन तास बोलणं चाललं. पूर्वेचे दोन रस्ते राहिले. दक्षिणेचा गेला, तिथं प्लॉट पडला. तो मला राखता आला नाही आणि त्याची रुखरुख अजून आहे. पावसाच्या पाण्याची लाइन तिथूनच बाहेर पडत होती, म्हणून त्या प्लॉटच्या कडेनं ३ मीटरची सर्व्हिस पट्टी मात्र ठेवून घेतली, बांधकाम करायचं नाही अशी अट घालून.

लाइनआउटचा दिवस मला नेहमी आवडतो. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, फक्की पडली आणि कोऱ्या जमिनीवर रस्ते उमटले. ओघळीकाठचं एक मोठं झाड एका ब्लॉकच्या कोपऱ्यात दीड मीटर आत येत होतं. सुपरवायझर म्हणाला, "खुंटी सरकवू का, बाई?" आम्ही त्या बाजूची आख्खी दोरी दीड मीटर सरकवली आणि पलीकडच्या पट्टीतून ती भरून काढली. सहा प्लॉटांची मापं बदलली, संध्याकाळपर्यंत आकडेमोड करत बसलो. झाड राहिलं.

पूर्वेच्या त्या दोन रस्त्यांच्या टोकांना मी पाट्या लावून घेतल्या, "हा रस्ता पुढे जाणार आहे." लोक राहायला आल्यावर दोनदा त्यांनी तिथं भिंत बांधायची मागणी केली. दोन्ही वेळा पाटी आणि मंजूर नकाशा दाखवून ती थांबली.

गेल्या वर्षी एका अनोळखी तरुणाचा फोन आला. पूर्वेची आणि दक्षिणेची जमीन एकाच मालकाकडे गेली होती आणि तिचा ले-आउट हा तरुण करत होता. त्याला आमच्या रस्त्यांच्या टोकांच्या लेव्हल हव्या होत्या. मी जुनी फाइल काढली. वायव्येच्या दगडाला १०० धरून पहिल्या टोकाची लेव्हल ९१.२४, दुसऱ्याची ८८.९०. त्यानं लिहून घेतल्या आणि विचारलं, "दक्षिणेकडे तुमचा रस्ता दिसत नाही, मॅम. तिथून शाळा जवळ पडली असती."

"तिथं प्लॉट गेला," मी म्हटलं. "पण त्याच्या कडेनं ३ मीटरची सर्व्हिस पट्टी आहे. वर काही बांधलेलं नाही. त्यावरून फरसबंदी करून पायवाट नेता येते का बघ. मॅनहोलची झाकणं कुठं येतात ती शीट तुला आजच पाठवते."